एका नीलवर्ण तप्त ग्रहाची हकीगत

"दुरून डोंगर साजरे" ही म्हण आपल्याकडे घरोघर ऐकूं येते. तिचा उपयोग बहुधा माणसांविषयीं किंवा परक्या मुलुखाविषयीं केला जातो. परंतु आकाशांतील एका गोलास ती जितकी तंतोतंत लागू पडते, तितकी दुसऱ्या कशासहि क्वचितच पडत असेल. हा गोल आपल्या सूर्याभोंवतीं फिरणारा नव्हे. तो दुसऱ्याच एका ताऱ्याचा ग्रह आहे. त्याचा रंग गडद निळा असल्याचें ज्योतिर्विदांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलें. चित्रकारांनीं त्याचीं जीं चित्रें रेखाटलीं, तीं इतकीं मोहक आहेत कीं, पाहणाऱ्यास वाटावें, ही पृथ्वीचीच बहीण! निळा रंग म्हणजे पाणी, पाणी म्हणजे समुद्र, आणि समुद्र म्हणजे मासे, नावा व किनाऱ्यावरचीं गांवें, अशी कल्पनेची धांव लगेच सुरू होते. वस्तुस्थिति मात्र अगदीं निराळी आहे. त्या निळ्या गोलावर समुद्र नाहीं, किनारा नाहीं, पाय टेकण्यास जमीनहि नाहीं. आणि तेथील उष्णता अशी कीं, आपल्या स्वयंपाकघरांतील ॲल्युमिनियमचें पातेलें तेथें नेलें, तर तें रात्रीच्या बाजूसहि वितळून जाईल.

ह्या ग्रहाची हकीगत वाचकांस सांगावी असें आम्हीं योजिलें आहे. परंतु ती सांगतांना एक पथ्य पाळण्याचा आमचा निश्चय आहे. आपल्या प्राचीन नैयायिकांनीं ज्ञानाचीं जीं साधनें सांगितलीं आहेत, त्यांत प्रत्यक्ष व अनुमान हीं दोन प्रमुख होत. डोंगरावर धूर दिसला हें प्रत्यक्ष; त्यावरून तेथें अग्नि असला पाहिजे असें ठरविणें हें अनुमान. ह्या दोहोंखेरीज मनुष्याजवळ तिसरी एक शक्ति आहे, ती म्हणजे कल्पना. त्या अग्नीभोंवतीं गुराखी बसले असतील, भाकरी भाजीत असतील, असें आपण मनांत चित्र उभें करतों, ती कल्पना. तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत. पण तिघींचीं खातीं निरनिराळीं ठेवलीं पाहिजेत. दूरच्या ग्रहांविषयीं हल्लीं जें वाचावयास मिळतें, त्यांत हीं तिन्ही खातीं एकाच वहींत मिसळलेलीं असतात, आणि म्हणून वाचकाची फसगत होते. आम्ही प्रत्येक ठिकाणीं खातें सांगूनच पुढें जाऊं.

प्रथम नांवगांव. हेन्री ड्रेपर ह्या अमेरिकन ज्योतिर्विदाच्या स्मरणार्थ ताऱ्यांची एक मोठी यादी १९१८ ते १९२४ ह्या काळांत हार्वर्ड येथील वेधशाळेनें प्रसिद्ध केली. तींत सव्वादोन लक्षांहून अधिक तारे असून, त्यांच्या वर्गीकरणाचें प्रचंड काम ॲनी जंप कॅनन ह्या विदुषीनें केलें. त्या यादींतील १८९७३३ क्रमांकाचा तारा हा आपल्या ग्रहाचा यजमान होय. म्हणून ताऱ्यास "एचडी १८९७३३" व ग्रहास "एचडी १८९७३३ बी" असें रूक्ष नांव पडलें आहे. हा तारा आपल्यापासून सुमारें ६४ प्रकाशवर्षें दूर आहे. म्हणजे आज दुर्बिणींत येणारा त्याचा प्रकाश ६४ वर्षांपूर्वीं तेथून निघालेला असतो. आपले आजोबा शाळेंत जात होते तेव्हांचा तो प्रकाश. ताशीं १०० किलोमीटर वेगानें अखंड धांवणारी आगगाडी तेथवर न्यावयाची झाल्यास तिला सुमारें ७० कोटि वर्षें लागतील. आणि तरीहि खगोलशास्त्राच्या मापानें हा तारा आपला शेजारीच समजला जातो!

इतक्या दूरचा ग्रह मनुष्यास सांपडला तरी कसा? येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हा ग्रह वेगळा ठिपका म्हणून आजवर कोणींहि पाहिलेला नाहीं. तारा तेजस्वी आणि ग्रह त्याला अगदीं खेटून. त्यामुळें ताऱ्याच्या झगमगाटांत ग्रह बुडून जातो. दिसतो तो केवळ तारा. ग्रहाचें अस्तित्व ताऱ्याच्या वागणुकीवरून ओळखावें लागतें, आणि त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग समजण्यासाठीं शेताच्या माळ्यावर उभा राहून गोफण फिरविणारा राखणदार डोळ्यांपुढें आणावा. गोफणींतला धोंडा गरगर फिरत असतां राखणदाराचें अंगहि किंचित् इकडून तिकडे डोलतें. अंधारांत धोंडा दिसला नाहीं, तरी त्याच्या डोलण्यावरून हातांत गोफण फिरत आहे हें ओळखतां येतें. तसाच ग्रह ताऱ्यास डोलवितो. तारा आपल्याकडे येऊं लागला कीं त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटांतील रेषा निळ्या बाजूस सरकतात, व दूर जाऊं लागला कीं तांबड्या बाजूस सरकतात. आगगाडी जवळ येतांना शिटीचा स्वर चढतो व दूर जातांना उतरतो, त्याच जातीचा हा प्रकार. ह्या रीतीनें मिशेल मेयर व दिदिए केलो ह्या दोघां स्विस शास्त्रज्ञांनीं १९९५ सालीं सूर्यासारख्या दुसऱ्या एका ताऱ्याचा ग्रह प्रथम शोधून काढला, आणि त्याबद्दल त्यांस २०१९ सालीं नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. तो शोध फ्रान्सच्या दक्षिणेकडील ओत-प्रोवांस वेधशाळेच्या दुर्बिणीनें लागला होता. त्याच दुर्बिणीनें २००५ सालीं फ्रांस्वा बूशी व त्यांच्या सहकाऱ्यांस आपल्या ह्या ग्रहाचा माग लागला. तारा सेकंदास सुमारें २०० मीटर वेगानें मागेंपुढें डोलत होता.

दुसरा मार्ग अधिक्रमणाचा. समईसमोरून पतंग उडत गेला तर ज्योतीचा थोडा भाग क्षणभर झांकला जातो. २००४ व २०१२ ह्या सालीं शुक्राचा काळा ठिपका सूर्यबिंबावरून सरकत गेला, तें दृश्य भारतांतूनहि दिसलें होतें, व कित्येक पालकांनीं तें काळ्या कांचेंतून पाहिलेंहि असेल. आपल्या ग्रहाची कक्षा सुदैवानें अशी आडवी पडली आहे कीं, प्रत्येक फेरींत तोहि आपल्या ताऱ्याच्या बिंबावरून जातो. त्या वेळीं ताऱ्याचा प्रकाश शंभर भागांतून सुमारें अडीच भाग कमी होतो, व पावणेदोन तासांच्या सुमारास पुन्हां पूर्ववत् होतो. किती प्रकाश झांकला गेला त्यावरून ग्रहाचा आकार कळतो. तारा किती डोलतो त्यावरून ग्रहाचें वजन कळतें. दोहोंवरून असें ठरलें कीं, हा ग्रह आपल्या गुरूहून थोडासा मोठा व थोडासा जड आहे. पृथ्वीसारख्या सुमारें ३६० गोलांचें वजन ह्या एकट्यांत सामावेल. अशा वजनाचा व अशा आकाराचा गोल दगडमातीचा असूं शकत नाहीं. तो गुरूसारखा मुख्यत्वेंकरून हायड्रोजन व हेलियम ह्या वायूंचाच असला पाहिजे. येथवर पहिल्या खात्यांतील, म्हणजे मोजमापाच्या आधारावरील गोष्टी झाल्या.

आतां त्याच्या उष्णतेचें कारण पाहूं. आपला गुरु सूर्यापासून सुमारें ७८ कोटि किलोमीटर दूर आहे, व त्याला एक प्रदक्षिणा करण्यास जवळजवळ बारा वर्षें लागतात. हा ग्रह मात्र आपल्या ताऱ्यापासून अवघ्या ४६ लक्ष किलोमीटरांवर आहे. आपल्या सूर्यमालेंतील सर्वांत आंतला बुध देखील सूर्यापासून ह्याच्या बारा पट अंतरावर फिरतो. चुलीपासून हातभर अंतरावर बसणें निराळें आणि चुलींत बसणें निराळें! इतक्या जवळ राहून हा ग्रह सेकंदास सुमारें १५० किलोमीटर वेगानें धांवतो, आणि ५३ तासांत आपली प्रदक्षिणा पुरी करतो. म्हणजे त्याचें वर्ष आपल्या सव्वादोन दिवसांहूनहि किंचित् लहान. चौदा वर्षांच्या मुलाचे वाढदिवस त्या मानानें साजरे करावयाचे, तर आजवर त्याचे दोन हजार तीनशें वाढदिवस झाले असते!

एवढा मोठा वायुगोल ताऱ्याच्या इतक्या निकट जन्मास आला नसावा, असें बहुतेक शास्त्रज्ञांस वाटतें. तो दूर थंड प्रदेशांत बनला, आणि मागाहून आंत सरकत आला असावा. हें दुसऱ्या खात्यांतलें, म्हणजे अनुमान होय. त्याचप्रमाणें, ताऱ्याच्या ओढीमुळें ग्रहाचें स्वतःभोंवतीं फिरणें मंदावून, चंद्र जशी एकच बाजू पृथ्वीकडे ठेवतो, तशी ह्यानेंहि आपली एकच बाजू ताऱ्याकडे वळवून ठेवली असली पाहिजे, हेंहि अनुमानच; पण गणिताचा भक्कम आधार असलेलें. असें असल्यास त्याच्या अर्ध्या भागावर अखंड दिवस व उरलेल्या अर्ध्यावर अखंड रात्र असणार. तेथें सूर्योदय नाहीं, सूर्यास्त नाहीं, आणि पंचांगांत लिहिण्यासारखें कांहींच नाहीं.

मग रात्रीची बाजू तरी थंड असेल काय? ह्या प्रश्नाचें उत्तर मोजून काढण्याची युक्ति मोठी सुंदर आहे. तेलाच्या दुकानांतील वाणी गिऱ्हाइकाच्या रिकाम्या भांड्याचा आधीं धडा करतो, व मग तेल भरून तोलतो. भांड्याचें वजन वजा झालें कीं खरें तेल किती तें कळतें. ज्योतिर्विदांनीं तेंच केलें. ग्रह ताऱ्याच्या शेजारीं असतांना दोघांचा मिळून येणारा प्रकाश मोजला. ग्रह ताऱ्याच्या मागें लपला म्हणजे एकट्या ताऱ्याचा मोजला. वजाबाकी केली, उरला तो ग्रहाचा. स्पिट्झर नांवाच्या अवकाशांतील दुर्बिणीनें ह्या ग्रहाची उष्णता अशा रीतीनें सतत ३३ तास न्याहाळली, आणि २००७ सालीं हीदर नटसन ह्या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं त्यावरून ग्रहाच्या उष्णतेचा एक स्थूल नकाशा प्रसिद्ध केला. सूर्यमालेबाहेरील ग्रहाचा हा पहिलाच नकाशा होता. त्यावरून दिसून आलें कीं, दिवसाच्या बाजूस उष्णता सुमारें ९४० अंश सेल्सिअसपर्यंत आहे, आणि रात्रीच्या बाजूसहि ती ७०० अंशांच्या आसपास आहे. शिसें ३२७ अंशांस वितळतें, ॲल्युमिनियम ६६० अंशांस. म्हणून आम्हीं आरंभीं पातेल्याचा दाखला दिला तो अलंकारिक नव्हे.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट त्या नकाशांत आढळली. सर्वांत तप्त जागा ताऱ्याच्या अगदीं समोर असावी. पण ती थोडी पूर्वेस सरकलेली होती. ह्यावरून दिवसाची ऊब रात्रीकडे वाहून नेणारे प्रचंड वारे तेथें असले पाहिजेत, असें अनुमान निघालें. पुढें २०१५ सालीं इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं ग्रहाच्या कडेच्या वातावरणांतून गाळून आलेला ताऱ्याचा प्रकाश तपासला, आणि त्या वाऱ्यांचा वेग ताशीं ८,००० किलोमीटरांहून अधिक भरला. आपल्या किनाऱ्यावर ताशीं दीडशें किलोमीटरांचें वादळ आलें तर माडांचीं बनें आडवीं होतात व घरांचीं छपरें उडतात. त्याच्या पन्नासपटींहून अधिक हा वेग. येथें धूर पाहून अग्नि ओळखला होता, आणि मागाहून अग्नीजवळ जाऊन हात शेकून पाहिला, असें म्हणतां येईल. अनुमान असें कसोटीस उतरलें कीं त्याची किंमत वाढते.

आतां मुख्य प्रश्न निळ्या रंगाचा. २०१३ सालीं हबल दुर्बिणीनें घेतलेल्या वेधांवरून हीच वजाबाकीची युक्ति रंगांच्या बाबतींत लावण्यांत आली. ग्रह ताऱ्यामागें जातांच ताऱ्याच्या प्रकाशांतील निळा भाग किंचित् घटला. हिरवा व त्यापुढचा भाग मात्र तसा घटला नाहीं. ह्याचा अर्थ, ग्रहाकडून परत फेंकला जाणारा प्रकाश मुख्यतः निळा होता. हें झालें मोजमाप. परंतु निळेपणाचें कारण काय? समुद्र हें कारण असूं शकत नाहीं. कारण त्या उष्णतेंत पाणी द्रवरूपानें टिकणार नाहीं, व तें सांठण्यास जमीनहि नाहीं. शास्त्रज्ञांचें अनुमान असें कीं, तेथील वातावरणांत अतिसूक्ष्म कणांचें दाट धुकें आहे व तें निळा प्रकाश विखुरतें. उलट सोडियमची वाफ पिंवळसर प्रकाश गिळून टाकते. हे कण सिलिकेट ह्या द्रव्याचे असावेत. सिलिकेट म्हणजे ज्या द्रव्यांची आपली वाळू व आपले खडक बनलेले आहेत, त्यांच्याच जातीचें द्रव्य. आणि वाळू तापवूनच कांच होते, हें सर्वांस ठाऊक आहे.

येथूनच "कांचेचा पाऊस" हा शब्दप्रयोग जगभर पसरला. त्याचें खातें कोणतें, हें आतां वाचकांनींच ठरवावें. वारा मोजला आहे. उष्णता मोजली आहे. निळा रंगहि मोजला आहे. कण सिलिकेटचे असावेत, हें अनुमान. ते कण एकत्र येऊन कांचेसारखे थेंब होत असावेत, हें त्या अनुमानावर बेतलेलें दुसरें अनुमान. आणि ते थेंब ताशीं आठ हजार किलोमीटरांच्या वाऱ्यावर सुयांसारखे आडवे धांवत असतील, हें चित्र बरेंचसें कल्पनेचें. तें खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तें खरेंहि असूं शकेल. पण तो पाऊस पडतांना कोणीं पाहिलेला नाहीं, एवढें लक्षांत ठेवून मग तें चित्र खुशाल पाहावें.

अनुमान केव्हां केव्हां सोडूनहि द्यावें लागतें, ह्याचा पडताळा ह्याच ग्रहाच्या बाबतींत आला आहे. २००८ सालीं ह्याच्या वातावरणांत मिथेन हा वायु आढळल्याचें प्रसिद्ध झालें होतें, आणि त्या बातमीचा गाजावाजाहि पुष्कळ झाला. पुढें जेम्स वेब ही अधिक समर्थ दुर्बीण अवकाशांत गेली. तिच्या वेधांचा २०२४ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, ह्या ग्रहावर पाण्याची वाफ आहे, कार्बन डायऑक्साइड व कार्बन मोनॉक्साइड आहेत, परंतु मिथेन म्हणण्यासारखा आढळत नाहीं. उलट हायड्रोजन सल्फाइड हा वायु मात्र सांपडला. शाळेच्या प्रयोगशाळेंत हा वायु ज्यांनीं एकदां तयार केला आहे, त्यांस त्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. नासक्या अंड्यांची दुर्गंधि ती हीच! तेव्हां त्या रम्य नीलग्रहास आणखी हाहि एक गुण चिकटला. पहिला निष्कर्ष मागें पडला म्हणून विज्ञानाची अप्रतिष्ठा झाली असें मात्र कोणीं समजूं नये. जो हिशेब पुन्हां तपासला जातो, तोच विश्वासास पात्र होतो.

ह्या ग्रहाच्या ताऱ्याचाहि स्वभाव शांत नाहीं. २०११ सालीं त्या ताऱ्यावर एक जबर उद्रेक झालेला दिसला, व त्यानंतर थोड्याच तासांनीं हबल दुर्बिणीस ग्रहाच्या वातावरणांतून हायड्रोजन वायु सेकंदास हजार टनांच्या किंवा त्याहून अधिक प्रमाणांत निसटून जात असलेला आढळला. त्याच्या आदल्या वर्षीं घेतलेल्या वेधांत असें कांहीं दिसलें नव्हतें. हजार टन हा आंकडा ऐकून ग्रह लवकरच संपून जाईल अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं. त्याच्या एकंदर वस्तुमानापुढें ही गळती म्हणजे समुद्रांतून ओंजळभर पाणी उपसण्यासारखीच आहे.

येथवर दोन खातीं झालीं. आतां तिसरें खातें उघडण्यास हरकत नाहीं. कारण कल्पनेस मज्जाव करावा असा आमचा मुळींच हेतु नाहीं. समजा, न वितळणारें, न फुटणारें असें एक विमान आपणांस मिळालें, आणि आपण त्या ग्रहाच्या दिवस व रात्र ह्यांमधील सीमेवर जाऊन पोंचलों. हें विमान सर्वस्वीं काल्पनिक आहे. परंतु खिडकींतून जें दिसेल त्याचें माप मात्र खऱ्या आंकड्यांवरून काढतां येतें. क्षितिजावर नारिंगी रंगाचें एक अवाढव्य बिंब टेकलेलें असेल. आपला सूर्य जेवढा रुंद दिसतो, त्याच्या सुमारें पंचवीस पट तें रुंद. हात लांब करून मूठ धरली तरी त्या मुठीमागें तें लपणार नाहीं. आपल्याकडे तिन्हीसांज घटकाभर राहते, आणि तेवढ्यांत दिवे लावून होतात. तेथें ती सरतच नाहीं. जो त्या सीमेवर उभा राहील, त्याच्यापुढें लक्षावधि वर्षें तीच तिन्हीसांज.

विमानाच्या कांचेवर बाहेरून एकसारखा खरखराट होत असेल, जणूं कोणी वाळूचीं सुपें आपटीत आहे. दिवसाच्या बाजूनें येणारा वारा आपणांस क्षणांत रात्रीच्या प्रदेशांत लोटून देईल. तेथें काळोख खराच, पण अगदीं मिट्ट नव्हे. लोहाराच्या भट्टींतील विझत आलेल्या निखाऱ्यासारखी मंद तांबूस आभा खालच्या तप्त थरांतून वर येत असेल. आकाश कोठें मोकळें दिसलें, तर एक तांबडा तारा इतरांहून ठळक चमकतांना दिसेल. हा तारा काल्पनिक नाहीं. ग्रहाच्या यजमान ताऱ्यास एक लहानसा तांबडा सोबती खरोखरच आहे, आणि सूर्य व पृथ्वी ह्यांमधील अंतराच्या दोनशें पटींहून अधिक अंतरावर तो राहतो. आपण खालीं उतरूं लागलों तर जमीन कधींच लागणार नाहीं. दाब वाढेल, उष्णता वाढेल, प्रकाश नाहींसा होईल, आणि अखेरीस आपल्या विमानास परत फिरावेंच लागेल. तेथें कोणी आपणांस भेटेल काय? कल्पनेस सर्व मोकळीक दिली तरी, आम्हांस ज्ञात असलेल्या कोणत्याहि जीवास त्या भट्टींत जागा देणें तिला जमत नाहीं.

ह्या जातीच्या ग्रहांस इंग्रजींत "हॉट ज्यूपिटर" म्हणजे "तप्त गुरु" असें म्हणतात. सूर्यमालेबाहेरील ज्ञात ग्रहांची संख्या २०२५ सालीं सहा हजारांच्या पुढें गेली. त्यांत असे तप्त गुरु कित्येक आहेत. त्यांपैकीं एकाशीं आपलें विशेष नातें जडलें आहे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेच्या शतसांवत्सरिक उत्सवानिमित्त २०१९ सालीं प्रत्येक देशास एका ताऱ्याचें व त्याच्या ग्रहाचें नांव ठेवण्याचा मान देण्यांत आला. भारताच्या वांट्यास जो तारा आला, त्याचें नांव बिभा चौधरी (१९१३–१९९१) ह्या थोर भारतीय पदार्थविज्ञान-विदुषीच्या स्मरणार्थ "बिभा" असें ठेविलें गेलें. बंगालींत ह्या शब्दाचा अर्थ प्रकाशाचा किरण असा होतो. त्याच्या ग्रहाचें नांव "संतमस" म्हणजे ढगांनीं झांकोळलेला. हाहि ग्रह गुरूहून जड असून दोन दिवसांच्या किंचित् वर एक प्रदक्षिणा करतो. आणि हें संस्कृत नांव सुचविणारा कोणी पंडित नव्हता, तर पुण्यांतील एका शाळेंत शिकणारा तेरा वर्षांचा मुलगा होता! आपल्या वाचकांपैकीं कित्येकांचें वय आज तेवढेंच आहे, हें आम्ही मुद्दाम सांगतों.

कोणी पालक विचारतील, ह्या ज्ञानाचा मुलांस व्यवहारांत उपयोग काय? आमच्या मतें उपयोग दुहेरी आहे. एक तर ज्या गोष्टीस हात लागत नाहीं, डोळा पोंचत नाहीं, तिच्याविषयींहि मनुष्य धीर धरून मोजमाप करूं शकतो, हें ह्या हकीगतीवरून कळतें. अडीच टक्के प्रकाश कमी झाला, एवढ्याशा धाग्यावरून ग्रहाचा आकार, त्याच्या पोटांतील द्रव्य आणि त्याच्या रात्रीची उष्णता उलगडत जाते. ह्यापरतें चिकाटीचें उदाहरण दुसरें कोणतें द्यावें? दुसरा उपयोग अधिक जवळचा. ज्याला ह्या ग्रहाचीं तीन खातीं वेगळीं करतां आलीं, त्याला बाजारांतील अफवेचीं, जाहिरातीचीं आणि शेजाऱ्याविषयीं कानावर आलेल्या गोष्टीचीं खातींहि वेगळीं करतां येतील. "हें कोणीं पाहिलें? हें कशावरून ठरविलें? आणि ह्यांत पदरचें किती घातलें?" हे तीन प्रश्न ज्या मुलाच्या ओठांवर सदैव राहतील, त्याला फसविणें कठीण.

आणि एक विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. दोन गोल, दोन्ही निळे. एकाचा निळेपणा तप्त कणांच्या धुक्याचा, दुसऱ्याचा समुद्राचा व निवळ हवेचा. दुरून पाहणाऱ्यास दोन्हींचा रंग सारखाच वाटेल; परंतु एकांत पाण्याचा थेंब टिकत नाहीं, आणि दुसऱ्यांत विहिरीवर घागर भरतां येते. आपणांस ठाऊक असलेल्या हजारों ग्रहांत जिवंत प्राण्यांची वस्ती असल्याचें आजवर एकाच ठिकाणीं सिद्ध झालें आहे, आणि तें ठिकाण आपल्या पायांखालीं आहे. त्याची निगा राखणें हें आपलेंच काम होय.

आश्विन महिन्यांत पाऊस उघडला आणि आकाश स्वच्छ झालें, म्हणजे आमच्या बालवाचकांनीं रात्रीं सात-आठाच्या सुमारास अंगणांत किंवा गच्चीवर जाऊन डोक्यावर पाहावें. अभिजित, श्रवण आणि हंसांतील मोठा तारा, ह्या तीन ठळक ताऱ्यांचा एक मोठा त्रिकोण तेथें दिसेल. त्या त्रिकोणाच्या पोटांत जंबुक नांवाचा एक मंद तारकापुंज आहे, आणि त्यांतच आपल्या ग्रहाचा यजमान तारा आहे. नुसत्या डोळ्यांस तो दिसणार नाहीं. चांगली दुहेरी दुर्बीण व ताऱ्यांचा नकाशा जवळ असेल, तर बारीक ठिणगीएवढा दिसेल. ग्रह मात्र दुर्बिणींतूनहि दिसावयाचा नाहीं. त्याची बातमी आणणारा प्रकाश मात्र त्या ठिणगींतूनच येतो, आणि दर ५३ तासांनीं ती ठिणगी पावणेदोन तासांपुरती किंचित् मंद होते.